नव्या रुग्णालयांच्या आराखड्यात सहवीजनिर्मितीचा विचार व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या जुन्या जागेवर ९०० खाटांचे नवे संकुल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे आणि नवी मुंबईतही नेरूळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात रुग्णालयांचा पसारा वाढतो आहे. अशा प्रकल्पांची चर्चा होते ती खाटांची संख्या, डॉक्टरांची रिक्त पदे आणि एमआरआय-सीटी स्कॅनची यंत्रे यांच्याभोवती, आणि ते योग्यच आहे. मात्र या इमारतींना लागणारी वीज, गरम पाणी, वाफ आणि थंड हवा कशी तयार करायची, हा प्रश्न कंत्राटदार व विद्युत सल्लागार यांच्यावर सोपवून बाकीचे सगळे मोकळे होतात. पुढची वीस-पंचवीस वर्षे रुग्णालयाला दरमहा जी बिले भरावी लागतात, त्यांचा मोठा भाग याच निर्णयावर ठरतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत बॉयलर आणि शीतयंत्रणा सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या अनुभवावरून असे सुचवावेसे वाटते की, ज्या रुग्णालयांच्या आराखड्यात अजून बदल करता येतो त्यांच्यासाठी सहवीजनिर्मितीचा, म्हणजे एकाच इंधनातून वीज आणि वापरण्याजोगी उष्णता दोन्ही मिळवण्याचा, विचार गांभीर्याने व्हावा, आणि तो विक्रेत्यांची माहितीपत्रके वाचून न होता प्रत्यक्ष मोजमापावरून व्हावा.

सहवीज प्रकल्प महाराष्ट्राला नवे नाहीत. साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाची चिपाडे, जाळून वाफ करतात, त्या वाफेवर टर्बाइन फिरवून वीज काढतात आणि टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या कमी दाबाच्या वाफेवर उसाचा रस आटवतात. रुग्णालयात टर्बाइनच्या जागी सहसा नैसर्गिक वायूवर चालणारे इंजिन असते. या इंजिनाभोवती खेळवलेले पाणी ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि धूर ४०० अंशांच्या आसपास बाहेर पडतो. नेहमीच्या जनरेटरमध्ये ही दोन्ही प्रकारची उष्णता रेडिएटरमधून आणि धुराड्यातून हवेत सोडून दिली जाते. सहवीज संचात पाण्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून गरम पाण्याच्या टाकीकडे वळवतात आणि धुराच्या उष्णतेवर छोट्या बॉयलरमध्ये वाफ करतात. जी उष्णता उरेल तिच्यावर लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणाचे चिलर चालवून वातानुकूलनासाठी थंड पाणी मिळवता येते. या धंद्यातले लोक त्याला ‘व्हॅम’ (व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन) म्हणतात. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी चिलर अनेक वर्षे बनवत आली आहे, तेव्हा हे तंत्रज्ञान परदेशातून आणावे लागेल, असा आक्षेप कोणी घेऊ नये.

गॅसचे आणि विजेचे दर वरचेवर बदलतात, म्हणून हिशेब आधी रुपयांत न मांडता ऊर्जेत मांडतो. एक घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण १० युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. चांगल्या गॅस इंजिनातून तिच्यापैकी जवळपास ४ युनिट वीज मिळते, आणखी ४ युनिट उष्णता वापरण्याजोग्या रूपात हाती लागते आणि उरलेली वाया जाते. तीच ४ युनिट वीज कोळशाच्या केंद्रातून आणायची, तर केंद्राची कार्यक्षमता आणि वाटेतली वीजहानी धरता सुमारे १२ युनिट ऊर्जेचा कोळसा जाळावा लागतो, आणि तेवढी उष्णता वेगळ्या बॉयलरमध्ये तयार करायची तर आणखी साडेचार ते पाच युनिटचे इंधन लागते. एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला सोळा-सतरा, असा हा फरक आहे. परंतु उष्णता दिवसभर आणि वर्षभर कोठेतरी खरोखर कामी आली तरच तो पदरात पडतो. ती वाया गेली, तर तो सहवीज संच न राहता एक महागडा जनरेटर होतो.

आपल्या उष्ण हवेत रुग्णालयाला उष्णता लागतेच कोठे, असे अनेकांना वाटेल. आंघोळीचे पाणी, स्वयंपाकघर, कपडे धुण्याचा विभाग आणि शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह ही ठिकाणे चटकन लक्षात येतात. ऑटोक्लेव्हला १२१ किंवा १३४ अंशांची वाफ लागते आणि ती धुराच्या उष्णतेतूनच मिळू शकते, इंजिनाच्या गरम पाण्यातून नाही. ज्या जागेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ती आहे शस्त्रक्रियागृहाच्या वरच्या मजल्यावरील हवा हाताळणारे युनिट, म्हणजे एएचयू. शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किमान वीस वेळा बदलली जावी असा दंडक आहे, आणि आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नसते. जुलै महिन्यात ठाण्याच्या हवेतील आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. ही हवा कोरडी करण्याचा रूढ मार्ग असा, की ती आधी बारा-तेरा अंशांपर्यंत थंड करायची, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊन ते कॉइलवरून गळून जाते. मग ती हवा सर्जनला सोसवेल इतपत पुन्हा गरम करायची. पुन्हा गरम करण्याचे हे काम बहुतेक ठिकाणी डक्टमध्ये बसवलेले विजेचे हीटर करतात. एएचयूचे दार उघडून पाहिले तर एकाच पेटीत पुढे थंड कॉइलवरून पाणी ठिबकताना दिसते आणि हातभर अंतरावर लालबुंद हीटर पेटलेले दिसतात. दोघांचीही वीज एकाच मीटरवर मोजली जाते.

सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा एका शस्त्रक्रियागृहाची हवा तासाला वीस वेळा बदलायची आणि ती सात अंशांनी तापवायची, तर साधारण ५ किलोवॉट उष्णता लागते. दहा शस्त्रक्रियागृहे असतील, तर ५० किलोवॉट. कोकणपट्टीत हे हीटर पावसाळ्याचे चार महिने तर चालतातच, पण उरलेल्या वर्षातही पुष्कळ काळ चालतात. इंजिनाचे ८५ अंशांचे पाणी या कामाला पुरून उरते. हीटर काढून तेथे गरम पाण्याची कॉइल बसवायची, एवढाच बदल करावा लागतो. नवी इमारत बांधताना त्याचा खर्च किरकोळ असतो. चालू रुग्णालयात तेच काम करायचे म्हणजे शस्त्रक्रियागृहे बंद ठेवावी लागतात, म्हणून ते कधीच होत नाही.

आता आकाराचा प्रश्न, कारण सहवीज प्रकल्प फसतात ते बहुधा येथेच. पाचशे खाटांचे रुग्णालय घेऊ आणि दर खाटेमागे रोज १०० लिटर गरम पाणी लागते असे गृहीत धरू. सत्तावीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत तापवायला दर हजार लिटरमागे सुमारे ३८ युनिट उष्णता लागते, म्हणजे ५० हजार लिटरसाठी दिवसाला जवळपास १,९०० युनिट. चांगले उष्णतारोधक आवरण असलेली मोठी टाकी असेल, तर ही गरज चोवीस तासांवर पसरवता येते आणि ती सरासरी ८० किलोवॉट भरते. त्यात शस्त्रक्रियागृहांचे ५० किलोवॉट आणि वाफेसाठी थोडे अधिक मिळवले, तर अशा रुग्णालयाला दीडशे ते दोनशे किलोवॉटचे इंजिन पुरेसे ठरते. रुग्णालयाची विजेची एकूण मागणी याच्या कितीतरी पट असेल, पण ती पूर्ण करणे हे या इंजिनाचे कामच नाही. बाकीची वीज महावितरणकडून येत राहील.

विक्रेता मात्र येऊन ५०० किलोवॉटचा संच सुचवतो, आणि उरलेल्या उष्णतेवर व्हॅम चालवून वातानुकूलन फुकटात मिळेल असे सांगतो. हे फुकट प्रकरण तपासून पाहण्यासारखे आहे. समजा, अशा संचातून ३५० किलोवॉट उष्णता उरली. साध्या, एकेरी टप्प्याच्या व्हॅममध्ये तिच्यातून सुमारे सत्तर टक्के, म्हणजे २४५ किलोवॉट शीतकरण मिळते. ते झाले ७० टनांचे वातानुकूलन. आजच्या चांगल्या विजेवरच्या चिलरला तेवढ्याच कामासाठी ४५ ते ५० किलोवॉट वीज लागते. म्हणजे साडेतीनशे किलोवॉट उष्णता ओतल्यावर वाचली ती जेमतेम पन्नास किलोवॉट वीज. तीच उष्णता विजेच्या गिझरच्या किंवा हीटरच्या जागी वापरता आली असती, तर साडेतीनशेच्या साडेतीनशे किलोवॉट वाचले असते. धुराच्या उष्णतेवर चालणारे दुहेरी टप्प्याचे व्हॅम यापेक्षा बरे काम करते हे खरे, तरी मुळातला क्रम बदलत नाही: आधी गरम पाणी, वाफ आणि हवा पुन्हा तापवणे, त्यातून उरेल ते व्हॅमला. आपल्याकडे सल्लागार बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण वातानुकूलनाचे बिल डोळ्यांत भरते आणि गरम पाण्याचे बिल वेगळे असे कोणी मोजतच नाही.

वीज खंडित होण्याच्या संदर्भातही या संचाविषयी पुष्कळ काही बोलले जाते, आणि त्यातले काही अतिरंजित आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी महापारेषणच्या कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्हीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, हे वाचकांना आठवत असेल. करोनाचा काळ होता आणि अतिदक्षता विभाग भरलेले होते. त्या दिवशी मुंबई महापालिकेला आपल्या रुग्णालयांना किमान आठ तास पुरेल इतक्या डिझेलची तजवीज करा असे सांगावे लागले. डिझेल जनरेटरची मोठी अडचण हीच, की तो वर्षभर झाकून ठेवलेला असतो, आठवड्यातून एकदा भाराविना थोडा वेळ फिरवला जातो आणि खरी परीक्षा आली की त्या वेळीच तो चालतो की नाही हे कळते. रोज चालणाऱ्या इंजिनाचा दोष रोज दिसतो. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळाने मिसिसिपी राज्यातील वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा जॅक्सन शहरातील बाप्टिस्ट मेडिकल सेंटर स्वतःच्या सहवीज संचावर दोन दिवसांहून अधिक काळ चालू राहिले. उलट २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधील एनवाययू लँगोन रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरले, राखीव जनरेटरची व्यवस्था बंद पडली आणि तीनशेहून अधिक रुग्णांना रातोरात जिन्यांवरून खाली आणून दुसरीकडे हलवावे लागले.

तरीही गॅस इंजिन घेतले म्हणजे डिझेल जनरेटर काढून टाकता येतो, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. वीज गेल्याक्षणी व्हेंटिलेटर सांभाळतात ते यूपीएस, आणि काही सेकंदांत एकदम मोठा भार उचलण्याची ताकद डिझेल इंजिनात गॅस इंजिनापेक्षा अधिक असते. शिवाय महावितरणचा पुरवठा तुटल्यावर संचाने बंद न पडता रुग्णालयापुरता स्वतंत्रपणे चालत राहावे असे वाटत असेल, तर त्यासाठीची नियंत्रण यंत्रणा आणि बॅटरीवर इंजिन सुरू करण्याची सोय मागणीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी लागते. ती न लिहिल्यास मूळ पुरवठा जाताच संचही सुरक्षेसाठी बंद पडतो, आणि मग संचालक मंडळ कपाळाला हात लावून बसते. सहवीज संचामुळे एवढे मात्र होते, की डिझेल जनरेटरवरचा भार हलका होतो आणि साठवलेले डिझेल अधिक तास पुरते. यंत्रांची जागा तळघरात ठेवू नये, हे २६ जुलै २००५ चा महापूर पाहिलेल्या ठाणे-कल्याणकरांना मुद्दाम सांगायची गरज नसावी, पण नव्या इमारतींचे नकाशे पाहिले की ती आहे असे वाटते.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. ठाणे आणि नवी मुंबईत महानगर गॅसचे पाइपांचे जाळे पोहोचले आहे, हा या शहरांचा मोठा फायदा आहे. राज्यातील पुष्कळ जिल्हा रुग्णालयांना ही सोय नाही. पण देशात निघणारा स्वस्त वायू प्राधान्याने घरगुती पाइप गॅसला आणि वाहनांच्या सीएनजीला दिला जातो, आणि व्यावसायिक ग्राहकाला मिळणाऱ्या वायूवर आयात दराची सावली असते. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये ते दर कसे भडकले हे सर्वांनी पाहिले आहे. एका घनमीटरला ४ युनिट वीज, या प्रमाणावरून कोणीही हिशेब करून पाहावा: उष्णतेची किंमत वजा न करता गॅसवरची वीज महावितरणच्या विजेपेक्षा महाग पडण्याचीच शक्यता अधिक. उष्णता पूर्ण वापरली तर चित्र पालटते, आणि संध्याकाळच्या कमाल मागणीच्या तासांत, जेव्हा विजेला जादा आकार पडतो आणि गच्चीवरचे सौर पॅनेल झोपी गेलेले असतात, तेव्हा ते अधिकच पालटते.

याच न्यायाने प्रतिस्पर्ध्यांशीही प्रामाणिक तुलना व्हायला हवी. एक युनिट विजेवर तीन युनिट उष्णता देणारे हीट पंप आता सहज मिळतात, आणि सौर बंबांना तर इंधनच लागत नाही. पन्नास खाटांच्या नर्सिंग होमने सहवीजनिर्मितीच्या वाटेला जाऊच नये. त्याला सौर बंब आणि एक हीट पंप पुरे आहे. वाफेची सततची गरज, स्वतःची लॉन्ड्री, आठ-दहा शस्त्रक्रियागृहे आणि दाराशी गॅसची लाइन हे सारे जेथे एकत्र आहे, तेथेच हा संच शोभतो. अशी रुग्णालये आपल्या दोन्ही शहरांत मिळून थोडीच असतील, पण जी आहेत ती मोठी आहेत.

आवाज, धूर आणि पाणी यांविषयी थोडक्यात. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र असते आणि तेथे रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे इंजिनाला ध्वनिरोधक कोठी आणि वॉर्डांपासून दूरची जागा लागते. धुरात डिझेलच्या मानाने काजळी नगण्य असते. नायट्रोजनच्या ऑक्साइडवर मात्र लक्ष ठेवावे लागते. व्हॅमला कूलिंग टॉवरसाठी विजेच्या चिलरपेक्षा बरेच जास्त पाणी लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत ते पिण्याच्या पाण्यातून देणे कोणत्याही महापालिकेला परवडणार नाही. नवी मुंबई महापालिका सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी उद्योगांना पुरवते. तेच रुग्णालयांच्या कूलिंग टॉवरला देता येईल.

सर्वांत अवघड भाग देखभालीचा आहे. सतत चालणाऱ्या गॅस इंजिनाचे तेल आणि स्पार्क प्लग ठरलेल्या तासांनी बदलावे लागतात आणि काही वर्षांनी त्याची संपूर्ण दुरुस्ती करावी लागते. सार्वजनिक रुग्णालयांत खरेदीला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही. जिल्ह्यातील अशाच एका रुग्णालयाच्या गच्चीवर मी सौर बंबांची रांग पाहिली आहे. पाइपांचे सांधे गंजून तुटलेले, काचांवर कबुतरांची विष्ठा साचलेली, आणि खालच्या मजल्यावर प्रसूती विभागातल्या बायका घरून थर्मासमध्ये आणलेल्या गरम पाण्यावर भागवत होत्या. सहवीज संचाची तीच गत व्हायची नसेल, तर निविदा यंत्राची काढू नये, सेवेची काढावी: कंत्राटदाराने संच स्वतः बसवावा, दहा-बारा वर्षे चालवावा, आणि मीटरवर मोजलेल्या विजेचे व उष्णतेचे पैसे त्याला मिळावेत. उष्णतेचे मीटर वेगळे असावेत, आणि न वापरलेल्या उष्णतेचा एक पैसाही मिळणार नाही अशी अट असावी. ही एक अट घातली, की पाचशे किलोवॉटचे प्रस्ताव आपोआप दोनशेवर येतील.

दिल्लीत एम्सच्या जयप्रकाश नारायण अपेक्स ट्रॉमा सेंटरमध्ये केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने जर्मनीच्या सहकार्याने वीज, उष्णता आणि शीतकरण एकत्र देणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला होता. आपल्या आरोग्य विभागाने तेथील प्रत्यक्ष चालण्याचे तास, इंधनाचा खप आणि बंद पडण्याची कारणे यांची माहिती मागवून ती जाहीर करावी. येथे मात्र पहिले काम यंत्रखरेदीचे नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या सध्याच्या मोठ्या रुग्णालयांत गरम पाणी, वाफ, हवा तापवणारे हीटर आणि चिलर यांना वेगवेगळे मीटर बसवून वर्षभराच्या तासागणिक नोंदी घ्याव्यात. महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेच्या यादीवरील ऊर्जा लेखापरीक्षक हे काम करू शकतात. तोवर नव्या इमारतींच्या नकाशांत तीन तरतुदी करून ठेवाव्यात: पुराच्या पातळीच्या वर यंत्रखोलीसाठी मोकळी जागा, तेथपर्यंत गॅसवाहिनीसाठी राखलेली वाट, आणि शस्त्रक्रियागृहांच्या एएचयूमध्ये विजेच्या हीटरऐवजी गरम पाण्याची कॉइल. पुढे नोंदी पाहून सहवीज संच नको असे ठरले, तरी त्या कॉइलला हीट पंपाचे पाणी जोडता येईल.

आपला,
एक निवृत्त अभियंता
ऐरोली, नवी मुंबई